अडतीस मडकी आणि आत्याची घासणी

माझ्या आत्याच्या घरी जायचं तर आधी पाय धुवावे लागतात, मग पुसावे लागतात, मग ती त्या पायांकडे एकदा निरखून बघते आणि पुन्हा धुवायला पाठवते. हे मी कौतुकानं सांगते आहे की तक्रार म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आतोबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. ते दिवसभर दारातल्या पायरीवर बसून पेपर वाचतात. पायरी म्हणजे धड घर नाही आणि धड रस्ता नाही, त्यामुळे तिथे आत्याचा कायदा चालत नाही.

आत्यानं अठ्ठावीस वर्षं एका प्रसूतिगृहात नोकरी केली. उपकरणांची खोली तिच्या ताब्यात होती. कात्र्या, चिमटे, ट्रे घासायचे, उकळायचे, वाफेच्या मोठ्या डब्यात घालायचे आणि मोजून कापडात बांधून ठेवायचे, हे काम. मोठे डॉक्टरसुद्धा त्या खोलीच्या उंबरठ्यावर थांबून "आत येऊ का?" असं विचारत, आणि उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच असे. अठ्ठावीस वर्षांत तिच्या हातून गेलेल्या एकाही चिमट्यामुळे कुणा बाळंतिणीला ताप आला नाही. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा आत्या रडली वगैरे नाही. समोरच्या कपाच्या कानाला चहाचा डाग लागला होता, तो ती रुमालानं पुसत होती. मी शेजारीच बसले होते, म्हणून मला ठाऊक.

निवृत्त झाल्यावर एवढी स्वच्छता कुठे खर्च करायची, हा प्रश्न उभा राहिला. घर तर आधीच इतकं लख्ख होतं की आतोबांचा चष्मा दर दोन दिवसांनी कुठल्या तरी कपाटात आवरला जायचा. मग तिनं गल्ली हातात घेतली. कोणाच्या दारात साबणाचं पाणी साचलंय, कोणाची कचऱ्याची बादली बिनझाकणाची आहे, कोणाचं पोर नखं कुरतडतंय, सगळं ती बघायची आणि तिथल्या तिथे सुनवायची. लोक तिला मागे 'इन्स्पेक्टर' म्हणत आणि समोर 'आत्या' म्हणत. अख्ख्या गल्लीची आत्या. सख्खी मी एकटीच, पण त्याचा मला काडीचा फायदा झालेला नाही.

तिच्या या राज्यात एकच बंडखोर होती, ती म्हणजे तिची धाकटी जाऊ. चार दारं सोडून राहते. मी तिला धाकटी काकू म्हणते. काकूचं बंड आरडाओरड्याचं नव्हतं. आत्या जे सांगेल त्याला ती "हो ताई" म्हणायची आणि खुर्चीवर बसून राहायची. तिच्या खिडकीवर धूळ होती, माळ्यावर कोळिष्टकं होती आणि चेहऱ्यावर कायम जेवण झाल्यासारखं समाधान होतं. आत्याच्या मते तिच्या घरात पाणी पिणं म्हणजे जिवाशी खेळ. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत, असं मी म्हणणार होते. पण काकू कोणालाच पाण्यात पाहत नाही, तेवढे कष्ट ती घेत नाही. पाण्यात पाहायची ती आत्याच.

आता पाण्याचंच सांगते, कारण गोष्ट त्याचीच आहे.

आत्याच्या गल्लीत येणारा नळाचा पाइप जुना आहे आणि गटाराला चिकटून जातो. पाइप कुठे कुठे फुटलेला आहे, गटार तर सगळीकडेच फुटलेलं आहे. पाणी बंद असलं की जे व्हायचं ते होतं आणि पुन्हा सुटलं की ते सगळं नळातून घरात येतं. दिसायला पाणी स्वच्छ, पण महिन्याला दोन-चार घरांत कुणी ना कुणी जुलाब-उलट्यांनी आडवं पडलेलं. नवा पाइप मंजूर झालाय असं आम्ही आठ वर्षं ऐकतोय.

मी एका संशोधन संस्थेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. बाटल्या भरायच्या, नोंदी करायच्या, मॅडम बोलतील ते ऐकायचं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी एक मडकं तयार केलं होतं. मातीत लाकडाचा भुसा मिसळून मडकं घडवायचं आणि भाजायचं. भट्टीत भुसा जळून जातो आणि मातीत बारीक बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी पाझरतं. मग ते मडकं चांदीच्या पाण्यात भिजवायचं. चांदीचे नॅनो कण त्या छिद्रांत आणि आतल्या अंगाला चिकटून बसतात. गाळ मडकं अडवतं, आणि त्याच्या हातून सुटलेले जंतू चांदी मारते. हे मडकं झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात टांगायचं, वर नळाचं पाणी ओतायचं, खाली तोटीतून प्यायचं. वीज नको, गॅस नको.

प्रयोगासाठी एक गल्ली हवी होती. सहा महिने, दर घरी एक मडकं. सहा महिन्यांत पाणी तपासणीत टिकलं तर संस्था सगळ्या वस्तीला मडकी देणार होती. टिकलं नाही, तर मडकी परत जाणार आणि लोक पुन्हा नळाच्याच पाण्यावर येणार. मी आत्याची गल्ली सुचवली. आणि मॅडमनी विचारलं, "तिथे देखरेखीला कुणी भरवशाचं माणूस आहे का?" तेव्हा मी फुशारकीनं आत्याचं नाव सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ते कळायचं होतं.

आत्यानं आधी माझीच उलटतपासणी घेतली.

"किती बारीक असतात हे कण?"

"आपल्या केसाच्या जाडीवर हजारभर शेजारी शेजारी बसतील एवढे."

"दिसतात?"

"नाही."

"दिसत नाहीत, मग आहेत कशावरून?"

"आत्या, जंतू तरी कुठे दिसतात?"

हे मात्र तिला पटलं. जंतूंच्या अस्तित्वावर तिच्या घराण्यात कुणी शंका घेतलेली नाही. तिनं पदभार स्वीकारला, एक जाड वही घेतली आणि अडतीस घरांचे अडतीस रकाने आखले.

सूचनांचा कागद मी लिहिला होता. त्यात एक ओळ अशी होती: 'मडके नियमितपणे हलक्या हाताने स्वच्छ करावे.' नियमितपणे म्हणजे केव्हा आणि कशानं, हे लिहायचं राहून गेलं. मला वाटलं, हलक्या हातानं म्हटलंय ना, झालं. मी हे विसरले की आत्याचा हात हलका असता तर तिच्या घरातल्या पातेल्यांची बुडं कागदासारखी झाली नसती.

चांदीच्या पाण्यात भिजवलेल्या मडक्याला आतून एक मळकट तपकिरी छटा येते. कोऱ्या चहाचा कप आठवडाभर तसाच ठेवला तर जशी येईल तशी. तीच चांदी. पण आत्याला चांदी म्हणजे पांढरी आणि चकाकणारी एवढंच माहीत. मडकं घरी आल्यावर तिनं पहिल्याच रविवारी झाकण उघडलं, आत बघितलं, आणि तिचं अठ्ठावीस वर्षांचं शिक्षण जागं झालं. डाग दिसला की जंतू आहे! तारेची घासणी आली, ब्लीचिंग पावडरचं पाणी आलं, आणि तासाभरात मडकं नव्या विटेसारखं निघालं. ते बघून तिला इतका आनंद झाला की तिनं गल्लीला तो वाटायचं ठरवलं.

दर रविवारी सकाळी गल्लीत मडकी घासण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आत्या वही घेऊन दारोदार फिरायची, मडक्यात तोंड घालून बघायची आणि रकान्यात खूण करायची. तपकिरी दिसलं की "पुन्हा". मी एकदा रविवारी गेले, तर दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर धुतलेली मडकी उन्हात उपडी घातलेली, आणि मधून आत्या चाललेली. मला भरून आलं. मी फोटो काढला आणि सोमवारी मॅडमना दाखवला. मॅडम म्हणाल्या, "असं माणूस मिळायला भाग्य लागतं." घासणी कसली आहे हे त्यांनी विचारलं नाही, मीही बघितलं नाही. दोन शिकलेल्या बायका फोटोतल्या उन्हाचं कौतुक करत बसलो.

पहिल्या महिन्यात सगळं पाणी तपासणीत पास झालं. तपासणी साधी असते. औषध घातलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरायचं, उबेला ठेवायचं, आणि दोन दिवसांनी बघायचं. पाणी काळं पडलं की त्यात घाण आहे. तिसऱ्या महिन्यात चार घरांच्या बाटल्या काळ्या पडल्या. मी आत्याला सांगितलं, तर तिनं लगेच निदान केलं.

"घासत नसणार नीट. मला वाटलंच होतं. आता आठवड्यातून दोनदा."

"हो, बघ तूच," मी म्हटलं. हे माझे शब्द. नाकबूल करून आता काय उपयोग?

पाचव्या महिन्यात मी अडतीस बाटल्या उबेला ठेवल्या आणि दोन दिवसांनी कपाट उघडलं. सदतीस काळ्या. मी सगळ्या पुन्हा मोजल्या, चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. एकच बाटली स्वच्छ होती, आणि तिच्यावर घर क्रमांक एकोणीस होता. धाकट्या काकूचं घर.

मॅडमनी बाटल्या बघितल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मडकं पाच महिनेही टिकत नाही," त्या म्हणाल्या. "अहवाल शुक्रवारी पाठवायचाय. मडकी परत मागवावी लागतील." त्यांचा आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मला वाईट वाटलं. सात वर्षं त्या या मडक्यावर काम करत होत्या.

"ती एक बाटली?" मी विचारलं.

"नजरचूक असेल. त्या घरात बाहेरचं विकतचं पाणी आणत असतील."

काकू बाहेरून पाणी आणेल हे मला पटेना. काकू आतल्या खोलीतून पाणी आणायलाही विचार करते. मी संध्याकाळी तडक तिच्याकडे गेले.

काकू खुर्चीवर होती. पिंप कोपऱ्यात होतं, झाकणावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. मी झाकण उचललं. मडक्याच्या आत ती तपकिरी छटा जशीच्या तशी होती, वर गाळाचा पातळसा थर.

"काकू, हे कधी घासलंस?"

"घासायचं असतं होय?" काकू निरागसपणे म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "ताई दर रविवारी सांगतात. मी हो म्हणते. मग त्या मडक्यात बघतात, मला चार शब्द बोलतात, वहीत फुली मारतात आणि जातात. सगळ्यांचं नीट होतं."

"पाणी हळू येत असेल ना?"

"येतं सावकाश. मला कुठे गाडी पकडायचीय?"

मी तिथेच खाली बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मडकी नापास झालीच नव्हती. सदतीस घरांनी तारेच्या घासणीनं आणि ब्लीचिंगच्या पाण्यानं त्यांतली चांदी खरवडून गटारात सोडली होती, वर वहीत खूण करून घेतली होती. आणि ज्या एका बाईनं आळसानं हात लावला नाही, तिच्याच घरात मॅडमची सात वर्षं शाबूत होती.

आता हे आत्याला कोण सांगणार? आत्याच्या दारात येऊन मी आतोबांकडे बघितलं. ते पायरीवर होते. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, "मी जरा फिरून येतो," म्हणाले आणि खरोखरच गेले.

मी पाय धुतले. दोनदा धुतले. मग आत्याला सगळं सांगितलं. तिनं तिचं मडकं आणून माझ्यासमोर ठेवलं. लख्ख लाल.

"म्हणजे घाण तशीच ठेवायची?"

"ती घाण नव्हती आत्या. ती चांदी होती."

"चांदी अशी असते? मला शिकवतेस?"

"एवढी बारीक झाली की तिचा रंग असाच दिसतो."

तिनं मडकं उजेडात धरलं. मला वाटलं, आता कळलं. पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"एकोणीस नंबर म्हणालीस ना? धाकटीचं? तिचं पास झालं?"

"हो."

"तिचं?"

"हो, आत्या."

"तिच्या पिंपावर कोळी फिरत होता. मी स्वतः बघितलाय," ती म्हणाली, आणि एवढी दुखावली की मला हसूही येईना. तिला चूक झाल्याचं दुःख होतंच, पण आळशी माणूस जिंकल्याचं दुःख आधी आलं. माणूस असंच असतं. मी तरी कुठे वेगळी आहे?

थोड्या वेळानं मी हळूच सुचवलं. मॅडमना मी सांगेन की सूचनांचा कागद चुकला, तो मीच लिहिला होता. गल्लीला सांगू की मडकी कच्ची निघाली. लोक चार दिवस संस्थेच्या नावानं खडे फोडतील आणि विसरतील. आत्याचं नाव कुठेच यायला नको.

"आणि मडक्यांचं?"

"मडकी कच्ची म्हटल्यावर ती परत न्यावीच लागतील."

"आणि लोक पितील काय?"

तिला उत्तर माहीत होतं.

"म्हणजे माझं नाव राहील आणि गल्ली पुन्हा गटार पीत बसेल." तिनं घासणी उचलली, खिडकी उघडली आणि ती बाहेरच्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. मग खिडकीची कडी पुसली. सवय अशी एका दिवसात जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती प्रयोगशाळेत हजर होती. इस्त्रीचे कपडे, काखेत मडकं, हातात वही. मॅडमसमोर उभी राहून तिनं एका दमात सांगितलं, "तुमची मडकी चांगली आहेत. मी ती बिघडवली. या वहीत तारखा आहेत." मॅडमनी वही चाळली. प्रत्येक रविवारची खूण, नंतर रविवारची आणि बुधवारची, आणि एकोणीसच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फुल्याच फुल्या. मॅडम बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, इतक्या व्यवस्थित नोंदी आमच्या विभागात कुणी ठेवत नाही." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ते वेगळं सांगायला नको.

त्या वहीनं अहवाल थांबला. मडकं कसं बिघडतं, किती घासण्यांत बिघडतं, कोणतं टिकतं, सगळं तारखेवार तिथे होतं. मॅडमनी आत्याचं मडकं बोटानं वाजवून बघितलं. चिरलेलं मडकं बद्द वाजतं, हे खणखणीत वाजलं. म्हणाल्या, शाबूत मडकी पुन्हा चांदीच्या पाण्यात भिजवता येतील, पण सगळी व्हायला तीन आठवडे लागतील. तोपर्यंत कुणी त्यातलं पाणी तसंच पिऊ नये. घरोघरी चिठ्ठी पाठवू.

"चिठ्ठी कोण वाचतं?" आत्या म्हणाली. "चिठ्ठीनंच तर घोटाळा झाला." मी खिडकीबाहेर बघितलं. "मी सांगते. मीच घासायला लावलं, मीच सांगणार."

त्याच दुपारी आम्ही निघालो. आत्याचं घर सोडून सदतीस दारं, आणि प्रत्येक दारात तेच वाक्य: "मी चुकीचं सांगितलं होतं. मडक्याचं पाणी पिऊ नका, उकळून प्या." लोकांना आधी ऐकू आलं नाही असं वाटायचं. आत्या चुकली? पुन्हा सांगा. दुकानदार तर एवढा खूश झाला की त्यानं तिला खुर्ची दिली. रिक्षावाल्याची बायको म्हणाली, "आत्या, मग भांडीसुद्धा घासायची नाहीत ना आता?" मागून सगळं घर हसलं. आत्याही हसली, जरा उशिरा. निवृत्त मास्तर मात्र चिडले. पाच महिने त्यांचे हात ब्लीचिंगनं सोललेले होते, ते त्यांनी दाखवले. आत्यानं ते हात हातात घेऊन नीट बघितले आणि कुठलं मलम लावायचं ते सांगितलं.

अठरा नंबर झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं. एकोणीस टाळेल असं मला वाटलं होतं. ती थेट आत गेली. पाय न धुता, कारण काकूकडे कुणी धुवायला सांगत नाही.

काकू खुर्चीवर होतीच. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती, तिच्या डोळ्यांत ती स्पष्ट दिसत होती. वीस वर्षं ऐकून घेतलेलं सगळं एका वाक्यात वसूल करायची संधी होती, आणि मी तर कान टवकारून उभी होते.

"धाकटे," आत्या म्हणाली, "दोन बाटल्या पाणी दे. तुझ्या मडक्यातलं. गल्लीत आज तेवढंच चांगलं आहे."

"तुम्हाला?"

"मला नको. टोकाच्या शिंप्याच्या मुलीला. पोर पुन्हा आजारी आहे."

काकू उठली. ती कुणाच्या सांगण्यावरून इतक्या चटकन उठल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं. तिनं दोन बाटल्या घेतल्या, विसळल्या, पुन्हा विसळल्या, आणि तोटीखाली धरल्या. पाणी सावकाश येत होतं. तेवढा वेळ दोघी पिंपाजवळ शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी चरफडले. टोमणा नाही, काही नाही! बाटल्या देताना काकू एवढंच म्हणाली, "उद्या पुन्हा भरून ठेवते, ताई."

राहिलेली घरं झाली. शिंप्याचं घर शेवटचं, गल्लीच्या टोकाला. आत्यानं ते मुद्दाम शेवटी ठेवलं की ओघानं शेवटी आलं, मी विचारलं नाही.

शिंपी घरातच शिवतो. बायको दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा येते. तीन वर्षांची मुलगी त्याच्याजवळ असते. बोलायला अबोल, आणि घरकामात अगदीच नवखा, त्यामुळे आत्याचा शब्द म्हणजे त्याला ब्रह्मवाक्य. मुलगी गेल्या दोन महिन्यांत चार वेळा आजारी पडली होती. त्या दिवशी ती मशिनीशेजारी चिंध्यांच्या ढिगावर झोपली होती. गाल आत गेलेले, हातात लाल कापडाचा तुकडा.

आत्यानं दारात उभं राहून तेच वाक्य सांगितलं. आधीच्या घरांत जे घडाघडा म्हटलं होतं, ते इथे दोनदा अडकलं.

शिंप्यानं मशीन थांबवलं. सुईखालचं कापड तसंच होतं.

"मी आठवड्यातून दोनदा नाही घासायचो, आत्या," तो म्हणाला. "ही आजारी पडली की मी रोज घासायचो. वाटायचं, माझंच कुठे तरी कमी पडतंय. ती जास्त आजारी पडली की मी जास्त घासायचो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आत्यानं हातातल्या बाटल्या छातीशी धरल्या. आयुष्यात प्रथमच मला तिची दया आली, आणि तिच्यावर माझा किती जीव आहे तेही त्याच क्षणी कळलं. मला पुढे होऊन म्हणायचं होतं की कागद मी लिहिला होता, फोटो मी काढला होता, दोनदा घासायला 'हो' मी म्हटलं होतं. पण मी दारातच उभी राहिले.

आत्या आत गेली. मुलीच्या कपाळाला हात लावला, मग पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती जागेवर कशी बसते ते बघितलं, अंगातलं पाणी किती आटलंय ते त्यावरून कळतं. तेवढं तिला नक्की येत होतं. मग तिनं बाटल्या मशिनीवर ठेवल्या.

"हे पाणी चांगलं आहे. तपासलेलं आहे. ती उठली की घोट घोट दे. आज संध्याकाळी हिला डॉक्टरकडे नेऊ, मी येते बरोबर."

शिंप्यानं मान हलवली. मग उठून त्यानं पिंपातलं मडकं बाहेर काढलं. गल्लीतलं सगळ्यात स्वच्छ मडकं. ते त्यानं दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर केलं.

"आता याचं मी काय करायचं, आत्या? तुम्ही सांगाल तसं करतो."

अजूनही तिलाच विचारत होता. एवढं सगळं ऐकल्यावरही.

आत्यानं तोंड उघडलं. तिच्याजवळ सल्ला नाही असं कधी झालेलं नव्हतं, आताही तो जिभेवर आला असणार. तिनं तो गिळला.

"मला माहीत नाही रे," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही."

मग ती माझ्याकडे वळली. "तू सांग. सावकाश सांग, आणि काय वापरायचं, काय नाही, सगळं सांग. आम्हाला दोघांनाही."

मी चप्पल काढून आत गेले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. शिंपी मडकं मांडीवर घेऊन बसला. आत्या त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, चिंध्यांच्या पसाऱ्यात, आणि मधे एकदाही न बोलता ऐकत राहिली.